अनवाणी उतरायचं शेत

आमच्या भागात खाचरात उतरताना पायात काही घालत नाहीत. घालून चालतच नाही. चिखलणी झालेल्या वावरात चप्पल पहिल्याच पावलाला रुतून बसते. डाव्या हातात आवणाची, म्हणजे भाताच्या रोपांची, जुडी, उजव्या हाताची बोटं रोपासकट चिखलात आणि ओणव्यानं मागे मागे सरकणं, असा सगळा दिवस जातो. चिखलात काय आहे ते डोळ्यांना दिसत नाही, बोटांना आणि तळव्यांना कळतं. म्हणून कल्याणातल्या घरांमधला ओला कचरा आंबवून माहेरच्या शेतात आणायचं मी मनावर घेतलं, तेव्हा बाबांनी त्यात नत्र किती, स्फुरद किती असलं काही विचारलं नाही. त्यांचा प्रश्न एकच होता, "बाय, त्यात काच नाय ना?"

मी पुस्तकं वाचून तयार होते, पण या प्रश्नाला पुस्तकात उत्तर नव्हतं.

माझं माहेर कल्याण-मुरबाड रस्त्यावर रायत्याच्या पुढे, आतल्या अंगाला. भात, भातानंतर वाल, पाण्याची सोय असलेल्या तुकड्यात भेंडी आणि काकडी. सासर कल्याण पश्चिमेला, आधारवाडीच्या बाजूला. ज्यांनी तिथं उन्हाळा काढलाय त्यांना आधारवाडी म्हटलं की आधी तुरुंग आठवत नाही, क्षेपणभूमी आठवते. कचऱ्याचा डोंगर पेटला की धूर रेंगाळायचा आणि संध्याकाळी खिडक्या लावून घ्यायची घराघरांत सवय झाली होती. कचऱ्याचा प्रश्न इतका चिघळला की २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयानं कल्याण-डोंबिवलीत नव्या बांधकामांना परवानग्या देण्यावर काही काळ बंदी घातली. पुढे २०२०च्या मे महिन्यापासून ओला-सुका वेगळा करण्याची सक्ती आली. वेंगुर्ला आणि कर्जत कचराकुंडीमुक्त करून आलेले रामदास कोकरे तेव्हा इथं उपायुक्त होते. पुढच्या वर्षी आधारवाडीत कचरा टाकणं थांबलं. घरात दोन डबे ठेवायची सवय आमच्या बायकांना तेव्हा लागली, आणि माझं काम त्या सवयीवरच उभं आहे. मिसळलेल्या कचऱ्याच्या काळात मी हे करायला गेले असते तर बाबांनी बांधावरूनच परत पाठवलं असतं.

शहरी कचऱ्याचं खत शेतकऱ्याला नवीन नाही. राज्य शासनानं २०१७ साली 'हरित महासिटी कंपोस्ट' हे नाव देऊन ते बाजारात आणायची वाट करून दिली. केंद्राच्या खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टचे निकष आहेत: सेंद्रिय कर्ब किमान १२ टक्के, शिसं आणि कॅडमियम अमुक मर्यादेच्या आत, किमान ९० टक्के माल ४ मिलिमीटरच्या चाळणीतून गेला पाहिजे. निकष चांगलेच आहेत. पण ४ मिलिमीटरच्या चाळणीतून तीन मिलिमीटरची काचेची कणी आरामात जाते, आणि लावणी करणाऱ्या बाईच्या नखाखाली शिरायला तेवढी पुरते. ज्वारीच्या किंवा उसाच्या शेतात याचं फारसं काही वाटणार नाही, तिथं माणूस बूट घालून फिरू शकतो. भातात एक कणी सापडली की पुढच्या वर्षी त्या वावरात मजूर उतरायला तयार होत नाहीत. कोकणात शहरी खत खपत नाही याचं खापर शेतकऱ्याच्या अडाणीपणावर फोडणारी भाषणं मी ऐकली आहेत. भाषण करणाऱ्यांपैकी कुणी गुडघाभर चिखलात ओणवं झालेलं असेल असं मला वाटत नाही.

तेव्हा कचरा कुणाच्या घरचा आहे ते ठाऊक असल्याखेरीज तो शेतात न्यायचा नाही, हे आधी ठरलं. आंबवण्याचा विचार त्यानंतरचा.

या आंबवण्याला जपानीत बोकाशी म्हणतात. ओकिनावातल्या र्‍युक्यू विद्यापीठाचे तेरुओ हिगा यांनी १९८०च्या दशकात उपयुक्त जिवाणूंचं मिश्रण तयार केलं, आणि ते कोंड्यावर वाढवून स्वयंपाकघरातल्या कचऱ्यावर भुरभुरायची पद्धत जगभर गेली. कंपोस्टमध्ये कचरा हवेशीर कुजतो, तापतो, निम्म्याच्या आसपास कर्ब वायू होऊन निघून जातो. आंबवताना उलट हवा कोंडायची. घट्ट झाकणाच्या बादलीत कचरा दाबून बसवायचा, दर थरावर मूठभर कोंडा टाकायचा. लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू त्यातली साखर खातात, आंबटपणा वाढतो, सामू चारच्या खाली येतो आणि सडवणाऱ्या जंतूंना तिथं थारा राहत नाही. हे कचऱ्याचं लोणचंच. दोन आठवड्यांनी झाकण उघडलं तर केळ्याची साल केळ्याची सालच दिसते, रंग तेवढा मावळलेला असतो. बहुतेक जणी इथंच नाराज होतात. "ताई, यात काही झालंच नाही की," असा फोन प्रत्येक नव्या घरातून येतो. वरून पांढरी बुरशी आणि आंबट वास असेल तर काम झालं. हिरवी-काळी बुरशी आणि नाक मुरडायला लावणारा वास असेल तर बादलीत हवा शिरली किंवा पाणी साचलं. त्यासाठी खाली तोटी असते, एक-दोन दिवसांआड निचरा काढून घ्यायचा. तो शंभरपट पाण्यात मिसळून कुंड्यांना घातला तर चालतो, तसाच ओतला तर झाड करपतं.

बाजारातलं तयार मिश्रण महाग पडतं. आम्ही विरजण घरीच करतो. तांदळाचं पहिलं धुवण उघड्या बरणीत दोन-तीन दिवस ठेवायचं, आंबूस वास आला की त्याच्या दहापट दूध घालायचं. आठवड्याभरात दूध फाटतं, वर चोथा तरंगतो आणि खाली पिवळसर निवळी राहते. ती निवळी गाळून गूळ घालून ठेवली की बरेच दिवस टिकते. ही रीत कोरियातल्या नैसर्गिक शेतीवाल्यांची, पण तांदळाचं धुवण आणि दूध दोन्ही आपल्याच ओट्यावरचं. निवळी पाण्यात पातळ करून कोंड्यात मुरवायची. कोंडा गावातल्या भाताच्या गिरणीत मिळतो. तूस नव्हे, कोंडा हवा. तुसात जिवाणूंना खायला काही नसतं. मिसळलेला कोंडा पिशवीत हवा दाबून काढून दोन आठवडे ठेवायचा, मग सावलीत वाळवायचा. एवढंच.

आता जी गोष्ट मला कुठल्या पुस्तकात आढळली नाही ती सांगते. आंबवण्याचा सगळ्यात मोठा फायदा जिवाणूंचा नाहीच. ज्या घरात बादली असते तिथं कुणीतरी रोज ती उघडून हातानं किंवा पळीनं कचरा दाबतं. ज्या बाईला उद्या परत तिथं हात घालायचा आहे ती त्यात ब्लेड टाकत नाही, फुटलेल्या बांगडीची काच टाकत नाही, औषधाची पट्टीही टाकत नाही. घंटागाडीत जाणाऱ्या डब्याशी आपलं नातं तीस सेकंदांचं असतं. बादलीशी पंधरा दिवसांचं. त्या पंधरा दिवसांत निवड आपोआप होते, फलक न लावता. बाबांच्या प्रश्नाचं उत्तर मला इथं सापडलं. आमच्या मजल्यावरच्या एक काकू तर बादली माझ्या हाती देताना म्हणतात, "बघून घे हं, काल चमचा सापडत नव्हता." असा चमचा खरंच सापडलाही आहे.

हे घरोघरच्या बाईवरच का, हा प्रश्न मला विचारला गेलाय आणि तो रास्त आहे. एका घरात बादली सासऱ्यांनी घेतली, निवृत्त माणूस, काटेकोर. त्यांची बादली सगळ्यांत चांगली असते. बाकी घरांत मात्र हे काम बाईच्या किंवा कामाला येणाऱ्या मावशींच्या अंगावर पडतं. मावशींना त्याचे वेगळे पैसे द्यायचे, ही अट मी नव्या घराला घालते. दोन घरांनी ती ऐकून बादली परत केली.

वाहतूक टेम्पोनं होते. गावाकडून पहाटे भेंडी-काकडी घेऊन कल्याणच्या बाजारात येणारे टेम्पो परतताना रिकामे असतात. टेम्पोवाल्या भाऊची अट एवढीच की वास यायचा नाही आणि गळायचं नाही. आंबवलेला कचरा दोन्ही पाळतो, ताजा एकही पाळत नाही. पण एक अडचण सांगायला हवी. आंबवताना वजन फारसं घटत नाही. ओल्या कचऱ्यात पाचांतले चार हिस्से पाणीच असतं, कंपोस्ट करताना ते उडून जातं, इथं ते तसंच राहतं. म्हणजे मी मुरबाड रस्त्यानं बव्हंशी पाणी वाहून नेते. यावर उपाय नाही. कोरडा पाला, करवतीचा भुसा घालून पाहिला, निचरा कमी होतो, वजन होत नाही.

शेतात पोचल्यावर बादलीतला माल खत झालेला नसतो, हे समजायला लोकांना वेळ लागतो. तो आंबट असतो, इतका की मुळांना थेट लागला तर झाड कोमेजतं. उरलेलं निम्मं काम मातीनं करायचं असतं. वीतभर खोल चर काढायचा, माल पसरायचा, त्यात माती कालवायची आणि वरून पुन्हा वीतभर माती. ओल असेल तर दोन-तीन आठवड्यांत साल, देठ, शिळी पोळी काही ओळखू येत नाही. मातीला हात लावला तर कोमट लागते. अंड्याची टरफलं आणि आंब्याच्या कोयी तेवढ्या उरतात. कुत्री आणि घुशी उकरतात, मासळीचं काही असलं तर हमखास. वर करवंदीच्या काट्या टाकल्या की बरीच शांतता.

"ओल असेल तर" हे तीन शब्द मात्र सगळं ठरवतात. इथं वर्षातले चार महिने पाणी जास्त आणि तीन महिने पाणीच नाही. एप्रिल-मेमध्ये भेगाळलेल्या वावरात पुरलेला माल मिरगापर्यंत जसाच्या तसा असतो, साल सुकून चामडं होते. जिवाणूंनाही पाणी लागतं. आणि पावसाळ्यात खाचर पाण्याखाली गेलं की गोष्ट उलटते. बाबांनी एक कोपरा मला मुद्दाम करून पाहायला दिला होता: लावणीच्या आधी थोडेच दिवस त्यात माल गाडला. तिथली रोपं बाजूच्यांपेक्षा पिवळी पडली, फुटवे उशिरा आले, मूळ उपटलं तर काळपट आणि कुजक्या अंड्याचा वास. पाण्याखालच्या मातीत आधीच हवा नसते. त्यात सहज कुजणारं अन्न मिळालं की जिवाणू उरलासुरला प्राणवायू संपवतात, मग गंधकापासून वायू करतात, सेंद्रिय आम्लं साचतात, मिथेन सुटतो आणि उपलब्ध नत्र जिवाणू स्वतःच अडकवून ठेवतात. महिन्याभरात रोपं सावरली, पण कर्जत-३ सारख्या लवकर निघणाऱ्या वाणाला महिना म्हणजे फार झाला. तेव्हापासून भाताच्या खाचरात माल जातो तो कापणीनंतरच. दिवाळीपासून थंडी सरेपर्यंत जमिनीत ओल असते तेव्हा, वालाच्या ओळींमधल्या चरात. पुढच्या लावणीला तिथं काही शिल्लक नसतं.

आता हिशेब. लोक मला विचारतात, मग युरिया बंद झाला का? नाही झाला. एक टन ओल्या कचऱ्यात पाणी वजा जाता दोनशे किलो माल उरतो, त्यात नत्र ढोबळमानानं चार-पाच किलो. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत २० किलोंहून जास्त नत्र असतं आणि ती २६६ रुपये ५० पैशांना मिळते. म्हणजे एका गोणीइतक्या नत्रासाठी चार-पाच टन कचरा वाहून न्यायचा. चार माणसांच्या घरातून दिवसाला अर्धा ते एक किलो ओला कचरा निघतो. कोकणात भाताला हेक्टरी १०० किलो नत्राची शिफारस आहे. गुणाकार ज्यानं त्यानं करावा. कचऱ्यावर एकरांची शेती होत नाही, गुंठ्यांची होते. आमच्याकडे तो भेंडीच्या तुकड्यात, वालाच्या ओळींत आणि बांधावरच्या शेवग्या-आंब्यांच्या आळ्यात जातो. त्या ठिकाणी फरक दिसतो तो हिरवेपणाचा नव्हे, मातीच्या घडणीचा. ढेकूळ हातानं फुटतं. पाणी घातलं की वर थांबत नाही. कुदळीच्या घावाला गांडूळ दिसतं. आमच्या मृदा आरोग्य पत्रिकेत सेंद्रिय कर्ब 'कमी' या रकान्यात होता, त्या तुकड्यापुरता तो सरकून 'मध्यम'मध्ये आला. बाकी शेत होतं तिथंच आहे.

एकरांसाठी काय करायचं ते आमच्याजवळच नेरळला चंद्रशेखर भडसावळे यांनी दाखवलंय. सगुणा राईस तंत्रात गादीवाफे एकदाच करायचे, नांगरणी-चिखलणी बंद, आणि कापणीनंतर भाताची मुळं जमिनीतच कुजू द्यायची. मूळ शेतातच वाढलं, शेतातच कुजलं. त्याला टेम्पो लागत नाही आणि त्यात काच असायचा प्रश्नच नाही. कुणी मला एकराच्या कर्बाबद्दल विचारलं तर मी त्यांना माझी बादली दाखवत नाही, नेरळचा रस्ता दाखवते. शेजारच्या वावरात सुभाष पाळेकरांचं जीवामृत चालतं: दोनशे लिटर पाणी, दहा किलो शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, बांधावरची मूठभर माती. मला विचाराल तर एवढ्या शेणगुळातून पिकाला थेट अन्न मिळतं ते नगण्य. जमिनीत खाण्याजोगं काही असेल तरच त्यातल्या जिवाणूंचा उपयोग. शेजारचे दादा हे ऐकून घेत नाहीत, आणि त्यांचा वाल माझ्यापेक्षा बरा येतो हेही खरं.

राबाबद्दल मात्र थोडं थांबून बोलायचंय. आमच्याकडे उन्हाळ्यात आवणाच्या जागेवर शेण, पालापाचोळा, ऐनाच्या फांद्या, गवत आणि वरून माती असे थर देऊन भाजतात. सेंद्रिय शेतीवर बोलणारे येतात आणि राब म्हणजे कर्ब जाळणं म्हणून नावं ठेवतात. कर्ब जळतो हे खरंच. पण राब भाजल्यानं तणाचं बी मरतं, राखेतून पालाश मिळतं, माती भुसभुशीत होते आणि रोप जोमदार निघतं. या एका गोष्टीसाठी ठाण्याच्या शेतकऱ्यांनी इंग्रज सरकारशी भांडण मांडलं होतं. वनखात्यानं फांद्या तोडायला बंदी केली तेव्हा तक्रारी इतक्या वाढल्या की १८८५ साली मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला, आणि ठाणे-कुलाबा जिल्ह्यांतला राब हा त्याच्यापुढचा मोठा विषय होता. माझी बादली राबाची जागा घेत नाही. पुरलेल्या मालात तण मारायची ताकद नाही, उलट टोमॅटो-भोपळ्याचं बी उगवून येतं ते निंदावं लागतं. आई आवणापुरता राब भाजते, मी तिला थांबवत नाही. भाजण्याचं क्षेत्र तिनं आपणहून कमी केलंय, शेण मिळेनासं झालं म्हणून. गावात गुरंच फारशी उरली नाहीत. माझ्या कचऱ्याला शेतात जागा मिळाली ती या रिकाम्या गोठ्यांमुळे, असं मला बऱ्याचदा वाटतं.

मिठाचं भय दाखवणारे भेटतात. शिजवलेल्या अन्नात मीठ असतं, जमीन खारावेल म्हणतात. कमी पावसाच्या मुलखात ते लक्षात घ्यायलाच हवं. आमच्याकडे वर्षाला सरासरी अडीच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस, उल्हास नदीला पूर आला की रायत्याचा पूल पाण्याखाली जातो. एवढ्या पावसात मीठ टिकत नाही. फक्त उन्हाळी भेंडीला जिथं मोजून पाणी मिळतं तिथं लोणचं-पापडाचा कचरा मी घालत नाही.

पावसाळ्याचं कोडं मात्र अर्धवट सुटलंय. घरांतल्या बादल्या जून ते सप्टेंबर थांबत नाहीत, आणि खाचर बंद. वरकस जमिनीवर पत्र्याखाली उन्हाळ्यातच कोरडी माती भरून ठेवायची आणि पिंपात एक थर माल, एक थर माती असं भरत जायचं. तीन-चार आठवड्यांत त्याची काळी माती होते. कोरडी माती संपली की काम अडतं. म्हणून मे महिन्यात जो तो आंबे उतरवतो तेव्हा मी माती चाळून गोणीत भरत असते आणि बाबा खाटेवरून विचारतात, "मातीला पन माती लागते का गं?"

परवा खडकपाड्याकडच्या एका मोठ्या संकुलाच्या सचिवांचा फोन आला. घनकचरा नियमांप्रमाणे दिवसाला शंभर किलोंच्या वर कचरा करणाऱ्यांना ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायचाय. त्यांच्याकडे यंत्र आहे, ते बंद पडलंय. "ताई, रोजचा सगळा माल घ्या, टेम्पो आमचा, वर पैसेही देऊ." मी म्हटलं, सगळा माल नको, बादली ठेवतील तेवढी घरं द्या. सचिव म्हणाले, बादल्यांचं लोक ऐकणार नाहीत, एकत्र पिंपातच घ्या, आमची माणसं निवडून देतील. पैशांची रक्कम बरी होती. मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, निवडणाऱ्या माणसांना लावणीला घेऊन ये, मग बोलू. सचिवांना मी हेच कळवलंय. आमसभा पुढच्या महिन्यात आहे.